त्र्याहत्तर फेनिगांची कॉफी

मराठी घरात चहा हा घरचा आणि कॉफी ही पाहुणी. चहाचं आधण सकाळ-संध्याकाळ कुणी न सांगता चढतं. कॉफीला निमित्त लागतं. घरात कुणाला ताप आला आहे, गोंधळाचं जागरण आहे, मुलांची परीक्षा तोंडावर आली आहे, लग्नघरी विहीणबाई पहाटेच उठून बसल्या आहेत, की मग फडताळातली कॉफीची बाटली बाहेर निघते. करायची रीतही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. पातेल्यात दूध-पाणी, त्यात साखर, त्यात पूड, वरून किसलेलं जायफळ, आणि मग सगळं एकत्र खळखळून उकळायचं. जायफळाच्या घमघमाटात मुळातली कॉफी बरी होती की वाईट, हे कळायची सोयच नसे. शेवटचा घोट मात्र सगळेच कपात ठेवत, कारण गाळणीतून निसटलेला काळा, किरकिरा गाळ तळाशी बसलेला असे. त्या गाळाबद्दल कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. बोराला जशी आठोळी तसा कॉफीला गाळ, अशी सगळ्यांची समजूत होती.

या गाळाचा एका बाईला मनापासून राग आला. ती जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात राहणारी, चारचौघींसारखी गृहिणी होती. तिचं नाव मेलिटा बेन्ट्झ. आज जगभरच्या दुकानांत लाल-हिरव्या खोक्यांवर 'मेलिटा' हे नाव दिसतं आणि पुष्कळांना ते एखाद्या कंपनीने कानाला गोड लागतं म्हणून बनवलेलं नाव वाटतं. ते एका आईचं, तीन मुलं वाढवलेल्या बाईचं खरंखुरं नाव आहे.

मेलिटाबाईंचा जन्म ३१ जानेवारी १८७३ चा, ड्रेस्डेनमधलाच. माहेरचं आडनाव लीबशर. वडील पुस्तकांच्या व्यवसायात, आणि आजी-आजोबांची बिअरची भट्टी. म्हणजे घराण्यात छापील कागदही होता आणि पेय मुरवून, निवळून, गाळून विकण्याचा धंदाही होता. या दोन गोष्टींची पुढे जी गाठ पडली ती पाहता मला हा योगायोग फार आवडतो. त्यातून काही सिद्ध होतं असं मात्र नव्हे. लग्न झालं ह्यूगो बेन्ट्झ यांच्याशी. ते एका मोठ्या दुकानात नोकरीला होते. संसार मध्यमवर्गीय, बेताचा आणि नीटनेटका.

ड्रेस्डेन हे सॅक्सनी प्रांताचं मुख्य शहर, आणि सॅक्सनीची माणसं जर्मनीत कॉफीवेडी म्हणून ओळखली जातात. मात्र वेड मोठं आणि खिसा लहान, अशी तिथली स्थिती असे. त्यामुळे पाणी वाढवून कॉफी पुरवली जाई. चिनीमातीच्या पेल्याच्या तळाशी जे फूल रंगवलेलं असे, ते भरल्या पेल्यातूनही स्पष्ट दिसे, आणि म्हणून अशा पातळ कॉफीला जर्मनीत 'फुलाची कॉफी' असं थट्टेचं नाव पडलं. आपल्याकडे पातळ वरणात आपलं तोंड दिसतं म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

त्या काळी घरोघरी कॉफी करायच्या दोनतीनच तऱ्हा होत्या. पूड पाण्यात टाकून उकळायची आणि गाळ खाली बसण्याची वाट पाहायची. नाहीतर कापडाच्या पिशवीतून गाळायची. ही पिशवी धुवायला किचकट, वाळायला वेळ लावणारी, आणि चार दिवसांत तिला खवट वास मारायला लागायचा. तिसरी तऱ्हा चिनीमातीच्या किंवा धातूच्या जाळीची. तिची भोकं मोठी असली तर गाळ खाली येई, बारीक असली तर तुंबत. यांत उकळण्याचा दोष सर्वांत मोठा. कॉफीच्या पुडीतला वास आणि गोडसर चव गरम पाण्यात लवकर उतरते. कडू, तुरट अंश मागाहून उतरतात. पूड पाण्यात जितका वेळ खदखदत राहील तितका कडवटपणा वाढत जातो आणि वास वाफेबरोबर निघून जातो. म्हणजे पाणी पुडीला भेटलं पाहिजे, पण तिच्याजवळ रेंगाळता कामा नये. शास्त्राची ही भाषा मेलिटाबाईंच्या तोंडी घालण्याचं कारण नाही. कॉफी कडू होते, दातांत कण येतात आणि भांडं घासताना जीव जातो, एवढं त्यांना रोज कळत होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

१९०८ साली, पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी एक पितळी भांडं घेतलं आणि हातोडी-खिळ्याने त्याच्या बुडाला भोकं पाडली. थोरला मुलगा विली शाळेत जात होता. त्याच्या वहीतला टीपकागद काढून त्यांनी गोल कापला आणि भांड्याच्या तळाशी बसवला. त्यावर कॉफीची पूड घातली, भांडं पेल्यावर ठेवलं आणि वरून गरम पाणी ओतलं. खाली आलेली कॉफी स्वच्छ होती. तिला कडवटपणा कमी होता, तळाशी गाळ नव्हता, आणि काम झाल्यावर चोथ्यासकट कागद उचलून टाकला की भांडं विसळायला अर्धा मिनिट पुरे.

फाउंटन पेनच्या जमान्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या वाचकांना टीपकागद आठवत असेल. शाई शोषून घेणारा तो गुलाबी, मऊ कागद. त्याचे तंतू सैल विणलेले असतात, म्हणून पाणी झिरपतं आणि कण अडतात. कागदात कॉफीतलं तेलही बरंचसं राहतं. त्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं आणि ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं, हा शोध पुढे कितीतरी दशकांनी लागला. कागदातून गाळलेल्या कॉफीत ते फारच थोडं उतरतं. मेलिटाबाईंनी चवीसाठी केलेली खटपट अशी आयती हृदयाच्याही उपयोगी पडली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी घरांत घडलेली आहे. फुटक्या बरणीचं, जुन्या सायकलच्या ट्यूबचं, दोऱ्याच्या रिकाम्या रिळाचं काय काय करून ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. शेजारणीने वाहवा केली, नवऱ्याने बरं आहे म्हटलं, की ती युक्ती तिथेच थांबते. मेलिटाबाई थांबल्या नाहीत. बर्लिनच्या पेटंट कचेरीत त्यांनी रीतसर अर्ज केला. ८ जुलै १९०८ या तारखेने त्यांच्या गाळणीची नोंद झाली. नोंदीत बुडाला बाक दिलेलं, तिरप्या भोकांचं भांडं असं वर्णन आहे. ही नोंद पूर्ण पेटंटाच्या एक पायरी खालची, साध्या उपयोगी वस्तूंसाठी असलेली होती. पण सरकारी कागदावर नाव बाईंचं होतं. त्याच जुलै महिन्यात मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्यांवरचा राजद्रोहाचा खटला चालू होता, एवढं म्हटलं की काळाचा अंदाज येईल.

आणि तो काळ बायकांना कसा होता? १९०० साली जर्मनीत जो नवा दिवाणी कायदा लागू झाला, त्यात संसारातल्या सगळ्या बाबींत शेवटचा शब्द नवऱ्याचा होता. बायकोच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा हक्कही सर्वसाधारणपणे त्याचाच. मताचा अधिकार जर्मन स्त्रियांना १९१८ च्या अखेरीस मिळाला. अशा दिवसांत १५ डिसेंबर १९०८ रोजी ड्रेस्डेनच्या व्यापारी नोंदवहीत 'एम. बेन्ट्झ' ही पेढी दाखल झाली. एम म्हणजे मेलिटा. पेढीचं भांडवल ७३ फेनिग.

शंभर फेनिगांचा एक मार्क. म्हणजे आपल्या हिशेबात ज्याला पाऊण रुपया म्हणता येईल, त्याहूनही दोन पैसे कमीच. आयुष्यभर बँकेत बसून मी भांडवलाचे आकडे पाहिले, पण इतका प्रामाणिक आकडा क्वचितच पाहिला. आपल्या मुलुखात याला तोलाची एकच गोष्ट आठवते. १९५९ साली गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. माल असा की जो करणाऱ्या हाताला त्याची खोडी पाठ होती. एका शाखेत, तिचं नाव सांगत नाही, मसाले करून विकणारी एक बाई कर्ज मागायला आली होती. तिला मिरची किती सुकली की किती घटते, हे तोंडपाठ होतं. आमच्या साहेबांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो मालकांना का नाही आणलंत, हा. ती पुन्हा आली नाही. तिच्या मसाल्याचं पुढे काय झालं असेल, हा विचार मेलिटाबाईंची ती नोंदवही डोळ्यांपुढे आली की हटकून मनात येतो.

ह्यूगो बेन्ट्झ यांनी नोकरी सोडली आणि बायकोच्या पेढीत काम धरलं. कादंबरीकाराला इथे मोठा मोह होतो. दोन अंकी भांडण रंगवावं, दुखावलेला पुरुषी अभिमान दाखवावा, असं वाटतं. पण प्रत्यक्षात हा गृहस्थ दुकानांच्या दर्शनी भागात उभा राहून लोकांना गाळणी कशी वापरायची याचं प्रात्यक्षिक दाखवत होता. नवऱ्याने बायकोच्या शोधाची जाहिरात करत रस्त्यावरच्या लोकांसमोर कॉफी गाळायची, हे १९०९ साली सोपं नसणार. मला या कथेत ह्यूगोंबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

कारखाना म्हणजे राहत्या घरातली एक खोली. भांडी पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून करून घ्यायची, कागद घरी कापायचे, खोक्यांत भरायचे. मुलं हातगाडीवरून माल पोचवायला मदत करत. १९०९ च्या लाइप्झिगच्या व्यापारी जत्रेत बाराशेच्या वर गाळण्या खपल्या. मग घरची खोली अपुरी पडू लागली. खरी मेख मात्र कागदात होती. गाळणी एकदा घेतली की वर्षानुवर्षं टिकते. कागद रोज लागतो. पुढे कागदही त्यांच्याच पेढीचा झाला. बँकेतल्या माणसाला हा भाग अधिक कळतो. भांडं विकलं की गिऱ्हाईक भेटतं, कागद विकला की ते परत येतं.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि चालता धंदा जागच्या जागी बसला. ह्यूगोंना सैन्यात बोलावणं आलं. त्यांना रुमानियात पाठवलं गेलं. धातू लष्कराने उचलला, कागदावर नियंत्रण आलं, आणि ब्रिटिश नाकेबंदीमुळे कॉफीचे दाणेच देशात येईनासे झाले. जर्मन घरांत चिकोरीची मुळं, भाजलेली जव असल्या गोष्टींची कॉफी होऊ लागली. बाईंनी या काळात पुठ्ठ्याची खोकी विकून घर चालवलं. युद्ध संपलं, नवरा परतला, आणि १९२३ साली मार्क कोसळला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका अमेरिकन डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क पडत होते. ज्या ७३ फेनिगांवर पेढी उभी राहिली, त्यांना आता काहीच अर्थ उरला नव्हता. पेढी मात्र उरली, कारण तिच्याजवळ नोटांपेक्षा टिकाऊ असं एक काम होतं.

त्यानंतरची वाढ झपाट्याची आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी ऐंशीएक माणसं दोन पाळ्यांत काम करत होती आणि ड्रेस्डेनमध्ये जागा मिळेना. म्हणून १९२९ साली सगळा संसार पश्चिमेकडे मिंडेन या गावी हलला. १९३० च्या दशकात कारभार मुलांकडे गेला. धाकटा हॉर्स्ट प्रमुख झाला. बाईंनी लक्ष ठेवलं ते कामगारांवर. नाताळचा बोनस, सहावरून पंधरा दिवसांवर नेलेली रजा, पाच दिवसांचा आठवडा, कामगारांसाठी मदतनिधी, हे त्यांच्या आग्रहाचं फळ मानलं जातं. आज आपण ज्याला कॉफीचा फिल्टर म्हणतो, तो खाली निमुळता होत जाणारा, बाजूंना उभ्या रेषा असलेला आणि त्यात बरोबर बसणाऱ्या कागदी पिशवीचा नमुना १९३६-३७ च्या सुमाराचा. रेषांमुळे कागद भांड्याला चिकटत नाही आणि पाणी सर्व बाजूंनी उतरतं.

या सगळ्या वर्षांवर हिटलरची सावली आहे आणि ती गाळून टाकता येत नाही. हॉर्स्ट बेन्ट्झ नाझी पक्षात होता, एसएस संघटनेतही होता. कारखान्याला राजवटीने आदर्श कारखाना म्हणून गौरवलं. दुसऱ्या महायुद्धात कॉफीची गाळणी बाजूला पडली आणि तिथे लढाईला लागणारा माल तयार होऊ लागला. कामगारांना पंधरा दिवस रजा देणारं घर आणि त्या राजवटीचा गौरव स्वीकारणारं घर एकच होतं. थोरांच्या चरित्रांत असली पानं पटकन उलटण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये विमानहल्ल्यांत ड्रेस्डेनचा जुना भाग जळून गेला. युद्धानंतर मिंडेनचा कारखाना दोस्त सैन्याने आपल्या कारभारासाठी ताब्यात घेतला आणि बेन्ट्झ मंडळींना मिळेल त्या जागेत काम सुरू करावं लागलं. पुन्हा एकदा कागद, पुन्हा एकदा गाळणी.

२९ जून १९५० रोजी मिंडेनजवळच्या होल्त्सहाउझेन इथे मेलिटाबाई वारल्या. त्यांना सत्याहत्तर वर्षांचं आयुष्य लाभलं. कंपनी अजूनही घराण्याच्याच मालकीची आहे आणि तिचं ठाणं मिंडेनलाच आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. पनवेल हे वाटा फुटण्याचं गाव. एक पुण्याकडे जाते, एक गोव्याकडे. एस.टी. थांबली की उतरून घ्यायचा तो चहा, हे इथलं जुनं वळण. खरी कॉफी इथे आणली ती दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांनी. रसायनीच्या कारखान्यांत, ओएनजीसीच्या वसाहतीत ती राहायला आली आणि त्यांच्याबरोबर ते दोन मजली पितळी किंवा स्टीलचं फिल्टर आलं. वरच्या डब्याच्या बुडाला बारीक भोकं, त्यात पूड, वर दाबायची चकती, वरून गरम पाणी, आणि खालच्या डब्यात थेंब थेंब साठणारा दाट अर्क. मेलिटाबाईंच्या पितळी भांड्याचं हे सख्खं भावंडच, फक्त कागदाशिवायचं. भांड्यांच्या कुठल्याही बऱ्या दुकानात ते मिळतं, वीज खात नाही आणि नातवंडांपर्यंत टिकतं.

कागदाची कॉफी करून पाहायची असेल तर प्लॅस्टिकची किंवा चिनीमातीची निमुळती गाळणी आणि तिच्या मापाचे कागद आता सहज मिळतात. टीपकागद, वर्तमानपत्र किंवा हात पुसायचा कागद वापरण्याचा प्रयोग मात्र कृपा करून करू नका. मेलिटाबाईंना दुसरं काही मिळत नव्हतं, आपल्याला मिळतं. कागद नसलाच तर जुन्या धुवट मलमलीचं फडकं चालेल, पण ते साबणाने धुऊ नका, नुसत्या गरम पाण्यात खळबळून वाळवा. पाव लिटर पाण्याला पंधरा ग्रॅम पूड, म्हणजे सपाट तीन मोठे चमचे. पूड बारीक रव्याइतकी असावी. पिठासारखी असली तर पाणी तुंबतं. पुडीच्या पाकिटावर चिकोरी किती टक्के आहे ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते चष्मा लावून वाचा. दाट दुधाच्या फिल्टर कॉफीला चिकोरी शोभते. कागदात ती चिकट होऊन पाणी अडवते, म्हणून इथे निव्वळ कॉफी घ्या.

पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी कागद नुसत्या गरम पाण्याने भिजवून घ्या आणि ते पाणी फेकून द्या, म्हणजे कागदाचा वास उतरणार नाही. मग पूड घालून ती भिजेल एवढंच पाणी घाला. ताजी पूड असेल तर ती भजीच्या पिठासारखी फुगून वर येते. ती बसली की उरलेलं पाणी बारीक धारेने, मधोमध, घाई न करता ओता. तीनचार मिनिटांत काम होतं. दूध हवं असेल तर वेगळं तापवून वरून घाला आणि पूड थोडी वाढवा. जायफळ आवडत असेल तर तेही दुधातच. खाली राहिलेला चोथा कुंडीतल्या कढीपत्त्याला घालावा, अगदी कागदासकट.